सरकारी पुस्तकाचा मालक कोण?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

एखाद्या गावातल्या शाळेला शंभर वर्षं होतात. शतक महोत्सव करायचं ठरतं, समिती नेमली जाते, स्मरणिका काढायची असते. गावाचा इतिहास हवा म्हणून कुणी तरी तालुक्याच्या ग्रंथालयातून जिल्ह्याचं गॅझेटियर आणतं. त्यात गावाबद्दल दीड-दोन पानं मजकूर असतो. जुनं बंदर, आठवड्याचा बाजार, किल्ला, देऊळ, सगळं नीट टिपलेलं. तो मजकूर स्मरणिकेत जसाच्या तसा छापावा असं सर्वांना वाटतं. मग समितीतला एक सावध माणूस विचारतो, ‘पण हे सरकारचं पुस्तक. छापलं तर चालेल का?’ दुसरा लगेच म्हणतो, ‘अहो, सरकारचं म्हणजे आपलंच की! आपल्या करातूनच छापलंय ना?’

या दोघांमधलं कोण बरोबर, हा आजच्या बोलण्याचा विषय. उत्तर एका शब्दात देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. कॉपीराइट या हक्काला मराठीत स्वामित्वहक्क म्हणतात, प्रताधिकारही म्हणतात, जुन्या पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ एवढंच असायचं. मला ‘प्रताधिकार’ हा शब्द आवडतो, कारण तो नेमकं काय ते सांगतो. प्रती काढण्याचा अधिकार. पुस्तक तुमच्या कपाटात असलं, पैसे मोजून घेतलेलं असलं, तरी त्याच्या आणखी प्रती काढून वाटण्याचा अधिकार तुमचा नसतो. तो लेखकाचा किंवा लेखकानं ज्याला दिला त्याचा.

मग लेखक सरकार असेल तर? आपल्याकडे हा प्रश्न १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं सोडवला आहे. त्या कायद्यात ‘सरकारी कृती’ अशी एक वेगळी जात आहे. सरकारनं किंवा सरकारच्या एखाद्या खात्यानं, विधिमंडळानं, न्यायालयानं तयार केलेली किंवा त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली कोणतीही कृती या जातीत येते. वेगळा करार नसेल तर तिचा पहिला मालक सरकारच. इथे ‘सरकार’ म्हणजे केवळ दिल्ली नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या खात्यानं काढलेलं पुस्तक महाराष्ट्र शासनाच्या मालकीचं, गोवा शासनानं काढलेलं गोव्याच्या मालकीचं. आणि मुदत? पुस्तक ज्या वर्षी पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं.

म्हणजे समितीतला सावध माणूस कायद्यानं बरोबर. करदात्यांच्या पैशातून पुस्तक निघालं म्हणून ते आपोआप करदात्यांचं होत नाही. एसटीची गाडीही आपल्याच पैशातून येते. म्हणून ती कुणी घरी नेत नाही. पण एसटी घरी नेली तर दुसऱ्याचा खोळंबा होतो, पुस्तकातलं पान छापलं तर कुणाचंच काही कमी होत नाही. ही तुलना इथंच लंगडी पडते, आणि खरा वादही इथूनच सुरू होतो.

ही ६० वर्षं कुठून आली त्याचीही एक गंमत आहे. १९५७ च्या कायद्यात मुदत ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता आणि तो विश्वभारतीकडे होता. मुदत वाढवून मिळावी अशी मागणी झाली, सरकारनं आधी वटहुकूम काढला आणि १९९२ मध्ये कायदाच बदलला. लेखकांची मुदत ५० ची ६० झाली, आणि त्याबरोबर सरकारी कृतींचीही झाली. टागोरांच्या कवितांसाठी केलेल्या दुरुस्तीमुळे जिल्हा गॅझेटियरंसुद्धा आणखी दहा वर्षं कुलूपबंद राहिली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कवितेच्या हक्काची मुदत वाढवण्यात निदान लेखकाच्या वारसांचा, एखाद्या संस्थेचा विचार होता. गॅझेटियरच्या मुदतीत कुणाचा विचार होता?

आता कायद्यानं ज्या वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत त्या बघू. पहिली गोष्ट म्हणजे, प्रताधिकार माहितीवर नसतो; ती माहिती ज्या शब्दांत, ज्या रचनेत मांडली त्यावर असतो. गावाची लोकसंख्या, धरणाची उंची, सातबाऱ्यावरचं क्षेत्र यांवर कुणाचाच प्रताधिकार नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासाठी १५ रुपये शुल्क ठेवलं, ते उताऱ्याचं शुल्क आहे. आकड्यांची मालकी नव्हे. त्यामुळे स्मरणिकावाल्यांनी गॅझेटियरमधली माहिती घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न येतो तो वाक्यंच्या वाक्यं उचलली तर.

दुसरी वाट कायद्याच्या ५२व्या कलमात आहे. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर कुणीही पुन्हा छापू शकतो. न्यायालयांचे निकाल छापू शकतो, न्यायालयानं मनाई केली नसेल तर. विधिमंडळानं केलेला अधिनियमही छापू शकतो, पण एका अटीवर: त्यासोबत काही भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर हवा. नुसता कायदा छापून विकायचा नाही. म्हणून बाजारात कायद्याची जी पुस्तकं मिळतात त्यांत कलमाखाली टीपा असतात, निकालांचे दाखले असतात. त्या टीपा वकिलांच्या सोयीसाठी तर आहेतच, पण कायद्याची अटही त्यांमुळे पुरी होते.

शासन निर्णयाचं, म्हणजे जीआरचं, काय? जीआर बहुधा राजपत्रात येत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, शिक्षकांपासून कंत्राटदारांपर्यंत सगळे तो मोबाइलवरून एकमेकांना पाठवतात, जीआरचे संग्रह छापून विकलेही जातात. पण ५२व्या कलमातल्या यादीत त्याचं नाव नाही. काटेकोर वाचलं तर जीआर ही प्रताधिकार असलेली सरकारी कृती ठरते. जे आदेश पाळायचं बंधन आहे, ते दुसऱ्याला दाखवायचं मात्र स्पष्ट स्वातंत्र्य नाही, असा हा प्रकार. व्यवहार कायद्याच्या पुढे गेला आहे आणि कायदा मागे उभा राहून बघतो आहे.

भाषांतराची गोष्ट तर त्याहून मजेदार. एखाद्या अधिनियमाचं, त्याखालच्या नियमांचं मराठी भाषांतर तुम्हाला प्रसिद्ध करायचं असेल, तर शासनानं ते आधी केलेलं नसेल तेव्हा तुम्ही ते करू शकता. शासनानं केलेलं असेल तर थांबायचं. मात्र शासनाचं भाषांतर विक्रीला उपलब्ध नसेल तर तुम्हाला पुन्हा मोकळीक! एक विधान ठळकपणे छापायचं: हे भाषांतर शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलेलं नाही. शासकीय ग्रंथागारात जाऊन ‘शिल्लक नाही’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘शिल्लक नाही’ ही एरवी आपली निराशा; या एका बाबतीत ती कायदेशीर परवानगी आहे.

याच कलमातली आणखी एक तरतूद महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात फार मोलाची ठरली आहे. शासनानं नेमलेल्या समितीचा किंवा आयोगाचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवला गेला, की तो कुणीही छापू शकतो. सरकारनं त्याच्या प्रकाशनाला मनाई केली नसेल तर. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्या वेळच्या सरकारनं तो फेटाळला. फेटाळलेला अहवाल आपणहून छापून घरोघर पोचवण्याचा उत्साह कुठल्या सरकारला असणार? तो वाचकांपर्यंत नेला खाजगी प्रकाशकांनी आणि कार्यकर्त्यांनी. पटलावर ठेवलेल्या अहवालाचं पुनर्मुद्रण करता येतं ही तरतूद नसती, तर सरकारला अहवालाशी वाद घालायचीही गरज नव्हती. ‘प्रताधिकार आमचा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. प्रादेशिक असमतोलावरचा विजय केळकर समितीचा अहवाल २०१४ च्या डिसेंबरमध्ये पटलावर आला. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलणारा कुणीही आज त्यातली प्रकरणं छापू शकतो, ती याच तरतुदीमुळे.

पण ‘मनाई केली नसेल तर’ ही मेख आहेच. शिवाय पटलावर न आलेल्या अहवालांना ही वाट नाही. तिथं माहिती अधिकार उपयोगी पडतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या नवव्या कलमात म्हटलं आहे की, माहिती दिल्यानं प्रताधिकाराचा भंग होत असेल तर अर्ज नाकारता येईल. पण तो प्रताधिकार राज्याखेरीज दुसऱ्या कुणा व्यक्तीचा असला पाहिजे. म्हणजे ‘हे पुस्तक शासनाच्या मालकीचं आहे, म्हणून प्रत मिळणार नाही’ असं उत्तर कुणी अधिकाऱ्यानं दिलं, तर ते कायद्याला धरून नाही. प्रत तुमच्या हातात यायलाच हवी. ती प्रत हजार जणांसाठी छापायची का, हा वेगळा प्रश्न उरतोच.

वाचायला मोकळं असणं आणि छापायला मोकळं असणं, या दोन अवस्थांमध्ये आपण नेहमी गल्लत करतो. संकेतस्थळावर पुस्तक फुकट दिसलं की ते सर्वांचं झालं असं वाटतं. बालभारतीचं उदाहरण घ्या. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ च्या जानेवारीत स्थापन झालं. त्याची पुस्तकं आज कुणालाही संगणकावर उतरवून घेता येतात, फुकट. ‘किशोर’चे जुने अंकही मंडळानं वाचायला खुले केले आहेत, आणि ते अंक बघताना माझ्या पिढीतल्या अनेकांची अख्खी दुपार जाते. पण पाठ्यपुस्तक उघडून पहिली पानं बघा. मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथं छापलेलं असतं.

मंडळाच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. पाठ्यपुस्तकाच्या चोरून छापलेल्या प्रती निघाल्या आणि त्यांत गणिताचा एक आकडा चुकला, तर शिक्षा मुलांना. मार्गदर्शिका छापणारे धडेच्या धडे उचलतात आणि मोठ्या किमतीला विकतात, तेव्हा मंडळानं काहीच म्हणू नये का? शिवाय पुस्तकातल्या कविता कवींच्या असतात, धडे लेखकांचे असतात. ते मंडळानं परवानगीनं घेतलेले असतात. दुसऱ्याचं सोनं तिसऱ्याला वाटून टाकायचा अधिकार मंडळाला नाही. हे सगळं मला मान्य आहे. फक्त हीच कारणं बाजारातून आणि शाळेतून दोन्हीकडून हद्दपार झालेल्या पुस्तकालाही लावली, तर ती पटत नाहीत.

आता एका अशा प्रकाशनाकडे वळतो ज्याची मागणी कधी संपलीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं समग्र लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं खंडशः प्रसिद्ध केली. पहिला खंड १९७९ साली निघाला, संपादक वसंत मून. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जे गेले आहेत, त्यांना या खंडांसाठी लागणारी रांग ठाऊक आहे. प्रवासखर्चातून वाचवलेल्या पैशांतून लोक हे जाड खंड विकत घेतात आणि पिशवीत घालून गावी नेतात. आणि तरीही हे खंड वर्षानुवर्षं दुर्मीळ राहिले. २०२१ साली वृत्तपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयानं या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली, इथवर पाळी आली.

मग कुणा दुसऱ्यानं ते छापावेत का? इथं कायद्याचा हिशेब बारकाईनं करावा लागतो. बाबासाहेब १९५६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं म्हणजे २०१६ ची अखेर. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन, उदाहरणार्थ १९३६ चं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचं झालं. कुणीही छापावं, भाषांतर करावं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालं. लेखक गेल्यावर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून ते एक वर्ष उशिरानं, २०१८ च्या आरंभी मोकळं झालं.

आणि ‘रिडल्स इन हिंदुइझम’? तो मजकूर हस्तलिखितात होता. शासनाच्या चौथ्या खंडातून तो १९८७ साली पहिल्यांदा छापून आला, आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं ते अनेकांना आठवत असेल. त्याची मुदत १९८७ पासून मोजायची, म्हणजे २०४७ च्या अखेरपर्यंत. एकाच लेखकाचं, एकाच ग्रंथमालेतलं लेखन. पण एक खंड मोकळा आणि दुसरा बांधलेला. ग्रंथ घेणाऱ्या सामान्य वाचकानं हा हिशेब मांडावा अशी अपेक्षा कोण करील? तो शासनानं मांडायचा आणि खंडावर छापायचा. ‘या खंडातील अमुक लेख आता सर्वांसाठी मुक्त आहेत’ अशी एक ओळ छापायला कागद फारसा लागत नाही.

हा प्रश्न काही आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर प्रताधिकार नसतोच. ‘नासा’ची चंद्राची छायाचित्रं जगभरच्या पुस्तकांत बिनधास्त छापली जातात ती त्यामुळे. पण ही सूट तिथल्या राज्यांना लागू नाही. जॉर्जिया राज्यानं आपल्या कायद्यांची टिपांसह अधिकृत आवृत्ती एका खाजगी कंपनीकडून तयार करून घेतली. हक्क राज्याचा, विक्री कंपनीची, किंमत ४१२ डॉलर. टिपांशिवायचा कोरा कायदा फुकट वाचता येत होता, पण कुठलं कलम न्यायालयानं रद्द ठरवलं आहे हे कळायला टिपाच हव्यात. कार्ल मालामूड नावाच्या गृहस्थांनी तो सगळा संच विकत घेतला, पानन् पान स्कॅन केलं आणि सर्वांसाठी खुलं करून टाकलं. जॉर्जियानं २०१५ साली त्यांच्यावर दावा लावला. दाव्याच्या कागदात त्यांच्या पद्धतीला ‘दहशतवाद’ म्हणण्यापर्यंत मजल गेली. कायद्याचं पुस्तक वाटणारा माणूस दहशतवादी! खालच्या न्यायालयात राज्य जिंकलं, वरच्या न्यायालयात हरलं आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं सांगितलं की, ज्यांना कायदा करायचा अधिकार आहे ते आपल्या त्या कामाच्या ओघात जे लिहितात त्याचे ‘लेखक’ म्हणून मालकी सांगू शकत नाहीत. टिपासुद्धा विधिमंडळाच्या वतीनं झालेल्या, म्हणून त्याही सर्वांच्या.

याच्या वर्षभर आधी, २०१९ साली, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमका उलटा कौल दिला होता. ऑन्टारिओ प्रांतात जमिनीचे नकाशे मोजणीदार तयार करतात, ते प्रांताच्या नोंदणी कार्यालयात दाखल होतात आणि तिथून एक खाजगी कंपनी ते शुल्क घेऊन पुरवते. मोजणीदारांनी हक्क मागितला. न्यायालयानं म्हटलं, प्रताधिकार सरकारचा. इंग्लंडच्या राजसत्तेकडून आलेली ही जुनी चौकट. आपल्या १९५७ च्या कायद्यातली सरकारी मालकीही त्याच घराण्यातली.

आपल्याकडे टिपांचा प्रश्न न्यायालयात आला तो वेगळ्या अंगानं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणाऱ्या एका प्रकाशन संस्थेनं आपला मजकूर दुसऱ्यांनी उचलल्याची तक्रार केली. डिसेंबर २००७ मध्ये निर्णय झाला तो असा: निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकानं स्वतःची बुद्धी वापरून जे सारांश लिहिले, परिच्छेद पाडले, तेवढं त्याचं. मला हा निर्णय व्यवहाराचा वाटतो. विहीर गावाची, पण रहाट ज्यानं बसवला त्याचा रहाट त्याचा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ साली राज्यगीत झालं. गीतकार राजा बढे १९७७ साली गेले. राज्यगीत म्हणून स्वीकारल्यानं गीताच्या प्रताधिकाराची मुदत बदलत नाही. लेखकाच्या नियमानं ती २०३७ च्या अखेरपर्यंत चालते. म्हणजे सरकारनं लिहिलेलं ते सरकारचं हे जितकं खरं, तितकंच सरकारनं आपलं म्हटलेलं सगळं सरकारचं नसतं, हेही खरं.

शासनाला मनात आणलं तर काय करता येईल? कायदा बदलायची गरज नाही. मालकाला आपल्या कृती वापरण्याचा परवाना देता येतो, आणि तो एकेकाला देण्याऐवजी एका आदेशानं सर्वांना देता येतो. इंग्लंडमध्ये सरकारी प्रताधिकार जागेवर ठेवून २०१० पासून असाच खुला परवाना आहे: घ्या, छापा, विका सुद्धा, फक्त मूळ स्रोताचं नाव द्या. भारत सरकारनंही २०१७ साली आपल्या खुल्या आकडेवारीसाठी असा परवाना प्रसिद्ध केला. परिभाषा कोश, गॅझेटियरं, जुने अहवाल, ‘लोकराज्य’चे जुने अंक यांना तो लावायला हरकत कोणती? चुकीचा मजकूर छापला जाईल ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे खरी प्रत सहज उपलब्ध ठेवणं. आणि उत्पन्न बुडेल म्हणावं, तर जे पुस्तक ग्रंथागारात शिल्लकच नाही त्याचं उत्पन्न कुठलं?

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला. प्रकाशनापासून ६० वर्षं मोजली तर त्याची मुदत २०३६ च्या अखेरीस संपेल. विज्ञानाच्या नोंदींपैकी काही तोवर केवळ इतिहास म्हणून वाचाव्या लागतील. ज्ञानाची गोष्ट अशी की ती ताजी असतानाच वाटली पाहिजे. अंधांसाठी ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रती काढायला मात्र एवढं थांबावं लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं ती मोकळीक सरकारी, खाजगी सर्वच पुस्तकांना दिली आहे. वाचनालयांनी तिचा लाभ घ्यायला हवा.

आणि आता स्मरणिका समितीकडे. त्यांच्या हातातलं गॅझेटियर कोणतं, यावर सगळं अवलंबून आहे. इंग्रजी अमदानीत जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेले मुंबई इलाख्याचे खंड, म्हणजे रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा, हे केव्हाच मुक्त झाले. शासनाच्या दर्शनिका विभागानं पुढे ते संगणकीय रूपात आणले, पण जुन्या मजकुराला नवं रूप दिल्यानं मुदत नव्यानं सुरू होत नाही. नवी प्रस्तावना जोडली असेल तर तेवढीच नवी. स्वातंत्र्यानंतर नव्यानं लिहिलेल्या इंग्रजी खंडांपैकी पुण्याचा १९५४ चा, तो २०१५ च्या आरंभापासून मोकळा. रत्नागिरीचा १९६२ चा, २०२३ पासून मोकळा. कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, १९६४ चा. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. नागपूरचा खंड १९६६ चा आहे, तिथं २०२६ ची अखेर धरायची. मराठी खंड नंतरचे. त्यांची वर्षं वेगळी मोजावी लागतील. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बघायचं आणि त्यात ६० मिळवायचे. मुदत उरली असेल तर दर्शनिका विभागाला परवानगीचं पत्र पाठवायचं, पोच घ्यायची, आणि स्मरणिकेचा दिवस जवळ आला असेल तर तोवर मजकूर आपल्या शब्दांत लिहायला घ्यायचा.